आकांक्षाची काकू

वडीगोद्रीत गावरान कोंबडीची पिल्लं पाहिजे असली की लोक दैवशालाचं घर विचारतात. हायवेच्या कडेला टायरच्या दुकानामागे दोन खोल्या, पुढे पत्र्याचं शेड, शेडमध्ये अंडी उबवायचं मशीन. बचत गटातल्या बाकीच्या बायांनी पापड धरले, शेवया धरल्या, हिनं पिल्लं धरली. एकविसाव्या दिवशी मशीनमधून चिवचिव सुरू झाली की शेजारचा टायरवालासुद्धा म्हणतो, वहिनी, बाळंत झालं बघा तुमचं मशीन.

पिल्लं देताना ती प्रत्येकाला एकच गोष्ट सांगते. घरी खुडूक, उबवायला बसलेली कोंबडी असेल तर आजच, दिवेलागणीला, पिल्लं हळूच तिच्या पंखाखाली सरकवा. सकाळी कोंबडी त्यांना आपली समजते आणि पिल्लं तिला. उद्यावर टाकू नका.

कचरूमामानं टाकलं होतं. जूनच्या पहिल्या आठवड्यात तो शेडच्या दारात येऊन उभा राहिला आणि बसायच्या आधीच सुरू झाला.

"दैवशाले, तुझ्या पिल्लायनी माझी कोंबडी येडी करून टाकली."

"काय झालं मामा?"

"ती बिचारी कुक-कुक करून बोलावते, दाणा टाकते, अन् हे समदे बल्बखाली. बल्ब बंद केला की बोंब. बल्बलाच माय समजून राह्यले."

"नेली त्याच दिवशी घातली व्हती का तिच्याखाली?"

"त्या दिवशी अंबडला लग्न व्हतं. चार दिस खोक्यात ठेवली. वर बल्ब लावून दिल्ता."

"मंग झालं. आता बल्बच त्यायची माय."

"अन् लाईट गेली तर? रोज सुतक धरायचं का मी?"

दैवशाला हसली. मामाही हसला. मग त्यानं टोपी काढून डोकं खाजवत विचारलं, "ह्याला इलाज काय?"

"इलाज न्हाई मामा. पयले दीड-दोन दिवसच असतेत. तेवढ्यात ज्याच्या मागं लागली, त्याच्या मागं लागली. मंग तुमी सोन्याची कोंबडी आणून ठेवा."

मामा निघाला. जाताना त्याला आठवलं म्हणून बोलला, "तुझी पोरगी आली म्हणं पिंपळगावहून. शाळंला इथंच घालणार म्हणं. बरं झालं. जमंल आता."

शेडच्या कोपऱ्यात पोत्यावर आकांक्षा बसली होती. साडेसहा वर्षांची, दोन वेण्या, गुडघ्यावर पाटी. तिनं वर पाहिलं नाही. दैवशालाच्या चेहऱ्यावर मघाचं हसू तसंच राहून गेलं होतं, ते तिला उतरवता येईना.

आकांक्षा झाली ती डिसेंबरात, कोरोनाच्या आधीच्या. पहिलं बाळंतपण म्हणून दैवशाला माहेरी, शहागडला होती. पोर चांगली तीन किलोची. विसाव्या दिवशी दैवशालाच्या खोकल्यात रक्त आलं. थुंकी तपासली, टीबी निघाला. सहा महिन्यांच्या गोळ्या लिहून देताना नर्सनं स्पष्ट सांगितलं होतं, तोंडाला मास्क बांधा आणि पाजा. बाळालाही औषध देऊ. बाळाला लांब करायची गरज नाही.

पण सासू, द्वारकाबाई, तोवर कुंभार पिंपळगावहून निघाली होती. द्वारकाबाईचा सख्खा भाऊ क्षयानं गेला होता. घरात एकाला झालं की दुसऱ्याला होतं, हे तिनं डोळ्यांनी बघितलेलं. नर्सचं वय बघून ती म्हणाली, "ही काल जन्मलेली मला शिकवते व्हय?" आणि घरी मोठी सून ज्योत्स्ना होती. तिची प्रिया तेव्हा आठ महिन्यांची, अंगावर पिणारी. "एकीला पाजते तशी दुसरीला पाजंल," द्वारकाबाई म्हणाली, "तू बरी हो, मंग तुझी तुला."

दैवशाला खाटेवर बसलेली होती. अंगात ताप, छातीत दुखणं, भीती. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं.

ती म्हणाली, "न्या."

पुढं कुणी काहीही म्हणालं, सासूनं नेलं, नवरा बोलला नाही, तरी हा एक शब्द तिचा स्वतःचा होता आणि तो तिनं कधी दुसऱ्याच्या गळ्यात घातला नाही.

मार्चात सगळं बंद झालं. त्या वर्षी खोकणाऱ्या बाईला गावात कोण घेणार? गोळ्या संपल्या, थुंकी साफ आली, तरी पिंपळगावातल्या चार लोकांनी मोठे दीर भागवत यांना गाठून सांगितलं, सध्या नको. दैवशाला फोनवर पोर बघायची. कल्याण, तिचा नवरा, फोन पोरीसमोर धरायचा. "आकू, बघ, मम्मी." पोर फोन चाटायची. मागून ज्योत्स्नाचा आवाज आला की मान तिकडं वळायची. दैवशाला इकडं हाका मारत राहायची आणि चित्र थांबायचं.

दिवाळी झाल्यावर ती पिंपळगावला गेली. पोर अकरा महिन्यांची झालेली, ज्योत्स्नाच्या कडेवर. द्वारकाबाईनं मोठ्यानं म्हटलं, "आली बघ तुझी मम्मी!" पोरीनं चटकन ज्योत्स्नाच्या तोंडाकडं बघितलं. सगळे हसले. त्यात वाईट हेतू कुणाचा नव्हता. दैवशालाही हसली, कारण पहिल्या दिवशी रडायचं कसं?

मग तिनं पोरीचं सगळं काम अंगावर घेतलं. न्हाऊ घालणं, भरवणं, लंगोट, काजळ. ज्योत्स्नानं खुशाल दिलं. तिला दोन लेकरांनी पिंजून काढलेलंच होतं. पोर दैवशालाच्या हातून खायची, पाणी प्यायची, वेणी घालून घ्यायची. पण रडायला ज्योत्स्नाकडं जायची. पडली, मुंगी चावली, कुत्रं भुंकलं की अंगणाच्या कुठल्याही टोकाहून, दैवशालाच्या बाजूनं, कधी तिच्या मांडीला घासून, ती थेट ज्योत्स्नाच्या मांडीवर. बाकीचं सगळं दैवशालाला मिळालं. हे मिळालं नाही.

बोलायला लागली तेव्हा घरातली मोठी पोर जे बोलायची ते ती बोलली. प्रिया ज्योत्स्नाला मम्मी म्हणायची आणि दैवशालाला काकू. तसंच हिनंही उचललं. कुणी शिकवलं नाही. आपल्याकडं घरोघरी हेच असतं. बाप आईला बाई म्हणतो म्हणून पोरंही आजीला बाई म्हणतात, धाकटे दीर वहिनी म्हणतात म्हणून पोरं सख्ख्या आईला वहिनी म्हणतात, आणि कुणाला त्यात वावगं वाटत नाही. "म्हणू दे की," कल्याण म्हणायचा, "शब्दच हाय. मोठी झाली की समजंल."

कल्याणला वडीगोद्रीत खताच्या दुकानात काम लागलं तेव्हा पोर दोन वर्षांची होती. बरोबर नेली. चौथ्या दिवशी तिनं खाणं सोडलं, सहाव्या दिवशी ताप भरला, आठव्या दिवशी कल्याणच म्हणाला, लेकरू जाईल आपलं. परत नेऊन सोडली. ज्योत्स्नाच्या कडेवर गेल्या गेल्या तिनं भाकर मागितली.

त्याच्या पुढच्या वर्षी दैवशालानं मशीन घेतलं.

दुसरं मूल झालं नाही. तपासण्या केल्या, मग त्याही सोडल्या. आता शाळा हेच एक राहिलं होतं. पहिलीला इथं घालायची, रोज डबा द्यायचा, अभ्यास घ्यायचा. मे महिन्याच्या शेवटी कल्याण जाऊन पोरीला घेऊन आला. या वेळी ती रडली नाही. पिशवी घेऊन दारात उभी राहिली आणि म्हणाली, "काकू, चप्पल इथं काढू का तिथं?"

ताप आला नाही. खाणं सोडलं नाही. दिलं ते खायची. ताट घासायला नेऊन ठेवायची. पाणी पिऊ का, म्हणून विचारायची. बाहेर जाताना सांगून जायची. शेजारच्या बाया म्हणायच्या, काय गुणाची पोर आहे. दैवशाला वाट बघायची की ही कधी हट्ट करेल. एकदा मुद्दाम तिला नावडती दोडक्याची भाजी केली. पोरीनं गपगुमान खाल्ली. पिंपळगावला हीच पोर दोडकं ताटात पडलं की वाटी भिरकावायची, हे तिनं डोळ्यांनी बघितलं होतं.

एका दुपारी पायरीवरून पडली. गुडघा फुटला. दैवशाला तिथंच सुपात तांदूळ निवडत बसलेली. पोर उठली, तिच्याकडं बघितलं, आणि तोंड दाबून शेडमागं गेली. दैवशाला मागं गेली तेव्हा ती भिंतीकडं तोंड करून, अगदी हळू आवाजात, "मम्मी, मम्मी गं" म्हणत रडत होती. पाहुण्याच्या घरी मोठ्यानं रडू नये, एवढं तिला कळत होतं.

दैवशालानं हळद लावली. तिनं लावू दिली.

रात्री जेवताना कल्याण म्हणाला, "काही दिस पिंपळगावचे फोन बंद करू. रोज आवाज ऐकती, मंग कशी रुळंल?"

"तसं होतं का?"

"मंग काय होतं? लहान हाय. विसरंल."

"मामाचे पिल्लं विसरले का?"

"कोंबडीचं अन् माणसाचं एक करून राह्यली का तू?" कल्याण चिडला. "माणसाला अक्कल असती."

हे तिलाही पटत होतं. माणसाचं लेकरू म्हणजे पिल्लू नाही, हे तिला नर्सनंही सांगितलं होतं, अंगणवाडीच्या बाईनंही. माया लावली की लागते, वेळ लागतो. पण सगळ्यांना "इलाज न्हाई" हे रोज स्वतःच्या तोंडानं सांगणाऱ्या बाईला दुसरं काही ऐकू यायचं बंद झालं होतं. फोन बंद केले.

पाचव्या दिवशी मशीनमधली अंडी फुटायला लागली. अशा दिवशी दैवशालाला मान वर करायला फुरसत नसते. ओली पिल्लं सुकू द्यायची, अडकलेलं कवच जपून बघायचं, दार सारखं उघडायचं नाही. दीडेक तासानं तिला कळलं की कोपऱ्यातल्या पोत्यावर कुणी नाही. मागं नाही, घरात नाही. पिशवी नाही.

ती तशीच, हाताला कवचाचे तुकडे, हायवेवर धावली. ट्रक एकामागून एक चालले होते. तेवढ्या रस्त्यात तिनं काय काय बघितलं ते तिचं तिला माहीत. थांब्यावर पोरगी दिसली. पिशवी मांडीवर घेऊन, हिरव्या साडीतल्या एका बाईला चिकटून बसली होती. ज्योत्स्नाची एक साडी अशीच हिरवी आहे.

दैवशालानं तिचं मनगट धरून तिला खसकन उठवलं. भीती उतरताना तिचा राग होतो, तसं झालं. पोर किंचाळली.

"ओ बाई!" हिरव्या साडीतली बाई उठली. "हात सोडा आधी. कोण लागते तुमची?"

"माझी लेक हाय."

"बाळा, ही तुझी मम्मी हाय का?"

आकांक्षानं हुंदके देत मान हलवली. "न्हाई. काकू हाय."

"मम्मी कुठंय?"

"पिंपळगावला."

"नाव काय मम्मीचं?"

"ज्योत्स्ना."

माणसं गोळा झाली. कुणीतरी म्हणालं, व्हॉट्सअ‍ॅपवर आलंय, पोरं उचलणाऱ्या बाया फिरून राह्यल्यात. एका पोरानं फोन वर धरला. दैवशाला मोठमोठ्यानं सांगत होती, माझीच हाय, माझ्या पोटची हाय, आधार कार्ड घरी हाय, मालकाला फोन लावा. पानटपरीवाला पुढं झाला. तिला वाटलं, हा ओळखीचा, हा सांगेल.

"मी वळखतो हिला," तो म्हणाला. "पिल्लंवाली बाई हाय, चोर न्हाई." मग जरा थांबून, आठवल्यासारखं, "पर हिला लेकरू कुठंय? चार वर्षं झाली, मी तर बघितलं न्हाई."

त्यानं ते भांडायला म्हटलं नव्हतं.

पोर भेदरली होती. एवढी माणसं, वर धरलेला फोन, आरडाओरडा. ती मनगट सोडवायला दुसऱ्या हातानं दैवशालाची बोटं एकेक करून उचकटत होती. दैवशालानं खाली बघितलं. मनगटावर तिच्या बोटांचे लाल वळ उठले होते.

तिनं हात सोडला.

"काकूच हाय मी," ती म्हणाली. "हिच्या मम्मीकडंच सोडायला निघाले. ही आधी पळाली."

"मंग असं सांगायचं ना आधी!" हिरव्या साडीतली बाई म्हणाली. "माझी लेक, माझी लेक कशाला लावलं?"

"माया असती काकूची," टपरीवाला म्हणाला. कुणीतरी हसलं. फोन खाली आला.

आकांक्षानं रडणं थांबवलं. दैवशालाच्या तोंडाकडं नीट बघितलं. "खरंच सोडायला?"

"खरंच."

मग पोरीनं पुढं होऊन, महिन्याभरात पहिल्यांदा, स्वतःहून तिचं बोट धरलं.

एसटी आली. पोर खिडकीशी बसली आणि बोलायला लागली. एवढं बोलते हे दैवशालाला माहीत नव्हतं. मम्मी चुलीत वांगं कसं भाजते, प्रियाचा दात कसा पडला, बाईनं, म्हणजे आजीनं, तो पत्र्यावर कसा फेकला, मांजरीचं नाव काय. "काकू, तू पण राहा ना दोन दिवस," ती म्हणाली. दैवशाला हूं हूं करत होती. तीर्थपुरीच्या आसपास कल्याणचा फोन आला. पिल्लं मशीनमध्ये तशीच आहेत, तू कुठं आहेस, म्हणत होता. तिनं एवढंच सांगितलं, "पिंपळगावला चालले. सोडून येते."

"सोडून म्हंजी?"

तिनं फोन ठेवला.

ज्योत्स्ना अंगणात भांडी घासत होती. पोर फाटकातूनच धावत सुटली आणि तिच्या मांडीवर जाऊन आदळली. मग रडली. छाती फुटेल असं, लाथा झाडत, ज्योत्स्नाच्या पाठीवर बुक्क्या मारत. महिनाभराचं सगळं तिनं इथपर्यंत सांभाळून आणलं होतं. दैवशाला फाटकाशी उभी राहून ते शेवटपर्यंत ऐकत होती.

"काय झालं?" ज्योत्स्नानं राखेच्या हातानं पोरीला थोपटत विचारलं. "मारलं का कुणी?"

"न्हाई ताई. कुणी न्हाई मारलं."

पिशवीतून नव्हे, ब्लाउजमधून तिनं घडी केलेले कागद काढले. शाळेत नाव घालायला जमवलेले. सकाळी शाळेत जायचं होतं म्हणून ते तिथंच होते; थांब्यावरच्या गोंधळात तिला आठवलेही नव्हते. "इथंच घाला हिला. प्रियासंगं."

ज्योत्स्ना उसळली. "इतक्या जल्दी हारली तू? मला काय हौस हाय का दोन-दोन पोरी वढायची? लोक मलाच म्हणतेत, लेकरू हडपलं. मी हिला धा वेळा सांगितलं, ती तुझी मम्मी हाय. ही म्हणती, मंग तू कोण? काय सांगू मी?"

"तुमचं काही चुकलं न्हाई."

"मंग चुकलं कुणाचं?"

ओसरीवर बाजेवर पडलेली द्वारकाबाई उठून बसली. तिला आता कमी दिसतं, ऐकू सगळं येतं. "माझं म्हण," ती म्हणाली. "मी आणली उचलून. म्हण एकदाचं."

"मी न्या म्हणले व्हते, आत्याबाई."

ज्योत्स्नानं हात धुतले, चूल पेटवली. जेवायला वाढताना दैवशालाला पाट दिला, पहिली भाकरी तिच्या ताटात टाकली, वर तेल-चटणी, शेजारी कांदा. घरच्या बाया मागाहून जेवतात. दैवशाला मधल्या खोलीत एकटी जेवली. आकांक्षा प्रियाच्या ताटात जेवताना दोडक्यावरून भांडत होती, वाटी भिरकावायची धमकी देत होती.

पाचची एसटी गाठायची म्हणून ती उठली तेव्हा आकांक्षाच्या लक्षात आलं. ती धावत देव्हाऱ्यापाशी गेली आणि करंडा घेऊन आली.

"मम्मी, काकू चालली. हळदी-कुंकू लाव की."

"येडी का काय," ज्योत्स्ना म्हणाली, "ती काय पाहुणी हाय? घरची सून हाय ती."

"पण ती चालली ना आता!"

ज्योत्स्ना हलली नाही. ती चुलीकडं बघत राहिली. तेव्हा पोरीनंच करंडा उघडला. आधी हळद, मग कुंकू, मम्मी आलेल्या-गेलेल्या बायांना लावते तसं, अंगठ्याजवळचं बोट सोडून मधल्या बोटानं. तिचा हात पुरेना. दैवशाला खाली बसली, डोक्यावर पदर घेतला आणि कपाळ पुढं केलं.

"पुन्हा ये, काकू," आकांक्षा म्हणाली.

"येते," दैवशाला म्हणाली.